काकांची अ‍ॅम्बेसेडर मागून सुटायची त्याची गोष्ट

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या वळणावर, जूनच्या पहिल्या पावसात, काकांची अ‍ॅम्बेसेडर मागून सुटली, म्हणजे मागची चाकं घसरून बाहेर गेली. मी शेजारी. काकांनी ब्रेकला पायही लावला नाही, स्टेअरिंग उलटं मारलं आणि गाडी सरळ. "काहून घाबरतं बे," एवढंच बोलले. मला वाटलं काका रेसरच आहेत, पण त्या पिढीला मागच्या चाकांवर चालणारी सोडून दुसऱ्या तऱ्हेची गाडीच माहीत नव्हती ना.

इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, ही मांडणी फ्रान्सच्या पनार्ड-लेवासोर कंपनीनं 1891 मध्ये आणली आणि पुढे तीच रूढ झाली. पुढची चाकं वळवायचीही आणि फिरवायचीही तर शाफ्टचा जॉइंट भरवशाचा पाहिजे, तो जमायला वेळ लागला. पुढून ओढणारी सिट्रोएनची ट्रॅक्शन अव्हान 1934 ची, मग तशीच 1959 ची मिनी, जिनं इंजिनच आडवं टाकलं. आपल्याकडे मात्र तेव्हा मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटची पद्मिनी, दोन्ही मागून ढकलणाऱ्या.

आता मजा कुठे आहे ते ऐका. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार, गॅसवर (अ‍ॅक्सिलरेटरवर) उडवला तर वळणाला उरत नाही. पुढून ओढणाऱ्या गाडीत जास्त गॅस दिला की नाक सरळ जातं, वळतच नाही. मागून ढकलणारीत पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात म्हणून स्टेअरिंग हातात स्वच्छ लागतं, आणि वळणात पायानंही गाडी वळवता येते, थोडा गॅस दिला की मागचा भाग बाहेर सरकतो. पण शेपूट सुटल्यावर दचकून गॅस झटकन सोडला तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आन् गाडी गिरकी घेते. उलटं स्टेअरिंग मारायला उशीर झाला तरी मेले, आणि मारून वेळेवर परत नाही आणलं तर दुसऱ्या बाजूला फेकते, ते जास्त वाईट.

डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली, पुढून ओढणारी, आणि हळूहळू हे शिकणंच सुटलं. 1984 ची ओम्नी मात्र मागूनच ढकलायची, पुढच्या सीटखाली इंजिन, मागे रिकामी असली की ओल्या रस्त्यावर नाचायची.

इनोव्हा क्रिस्टा अजून मागून ढकलते, 2022 ची इनोव्हा हायक्रॉस पुढून ओढते. मी दोन्ही वर्धा रोडवर चालवल्या. हायक्रॉस आरामाची आहे, पण वळणात काही बोलतच नाही बाप्पा.