भिंत आधी, फुलं शेवटी: कॉर्दोबाच्या पातिओची पार्श्वभूमी

घरी जुन्या युरोपीय वळणाचा पॅटिओ करायचं ठरलं की खरेदी बहुतेक लोखंडी नक्षीच्या खुर्च्यांपासून सुरू होते. मग कारंजं, मग कुंड्या, आणि पैसे उरले तर फरशी. ज्या शहराच्या चित्रांवरून ही हौस जगभर पसरली, त्या दक्षिण स्पेनमधल्या कॉर्दोबात क्रम बरोबर उलटा होता. आधी भिंत आली, मग पाणी, मग जमीन. भिंतभर टांगलेल्या कुंड्यांची आज दिसणारी आरास त्यामानाने अगदी अलीकडची. हा क्रम लक्षात न घेतल्यामुळेच घरोघरचे पॅटिओ दोन उन्हाळ्यांत विटतात, म्हणून त्याची हकिगत सविस्तर सांगायला हवी.

मूळ स्पॅनिश शब्द पातिओ. आपण इंग्रजीतून पॅटिओ म्हणतो आणि घरामागची फरसबंद मोकळी जागा डोळ्यांपुढे आणतो. अंदालुसियात, म्हणजे कॉर्दोबा आणि सेव्हिल ज्यात येतात त्या दक्षिण स्पेनच्या मुलखात, पातिओ म्हणजे चारही बाजूंनी भिंती असलेली, छप्पर नसलेली खोली. वाड्याचा चौक पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात रोमनांपासून. सेव्हिलजवळचं इतालिका हे गाव त्यांनी इ.स.पू. २०६ मध्ये वसवलं. तिथल्या घरांचे पाये आणि मोझेकच्या फरश्या आजही पाहता येतात. रोमन घर रस्त्याकडे पाठ फिरवून बसलेलं असे. मधल्या दालनाच्या छताला चौकोनी झरोका, त्याखाली उथळ हौद. पागोळ्यांचं पाणी हौदात पडे आणि तिथून जमिनीखालच्या टाक्यात जाई. मागच्या बाजूला खांबांच्या ओवऱ्यांनी वेढलेली बाग. उन्हाळा कोरडा आणि पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल, अशा मुलखात पाणी घराच्या पोटात साठवणं हीच खरी गरज होती. शोभा तिच्या मागून आली.

इ.स. ७११ मध्ये मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरलं आणि ७५६ पासून कॉर्दोबा ही उमय्या या अरब घराण्याची राजधानी झाली. त्यांनी हीच घरं स्वीकारली, पण दोन गोष्टी बदलल्या. रस्त्यावरून आत येणारी वाट वळणाची केली, म्हणजे दार उघडं असलं तरी आतलं काही दिसू नये. आणि सिंचनाची पक्की विद्या आणली. स्पॅनिशमध्ये पाटाला असेकिया आणि तळ्याला अल्बेर्का म्हणतात. दोन्ही शब्द अरबीतले. आंबट संत्र्याचं झाडही अरबांनीच तिथे रुजवलं. त्याचं स्पॅनिश नाव नारांखा म्हणजे संस्कृतातलं नारंग, फारसी आणि अरबीतून फिरून पोचलेलं. आपलं नारिंग त्याच घरातलं.

कॉर्दोबाच्या जुन्या मशिदीपुढच्या नारिंगांच्या अंगणात ही विद्या पायाखाली दिसते. प्रत्येक झाडाभोवती गोल आळं, आणि आळ्यांना जोडणाऱ्या अरुंद दगडी पन्हळी. एका टोकाला पाणी सोडलं की ओळीतली झाडं आपोआप भिजतात.

या काळातली सर्वांत मोलाची युक्ती मात्र वाफ्यांची पातळी. सेव्हिलच्या अल्काझार राजवाड्यातलं दोन्सेयास अंगण चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजा पहिला पेद्रो याने मुस्लिम घडणीचंच बांधून घेतलं. सोळाव्या शतकात त्यावर संगमरवरी फरशी पडली आणि शेकडो वर्षं सगळ्यांना वाटलं की अंगण असंच होतं. या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन झालं, तेव्हा फरशीखाली मधोमध लांब हौद आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाटेपेक्षा खूप खोल असलेले बागेचे खड्डे निघाले. खोल वाफ्यात पाणी सोडलं की ते वाटेवर येत नाही, माती लवकर सुकत नाही, आणि झाडांचे शेंडे चालणाऱ्याच्या पावलांच्या जवळ येतात, गालिच्यासारखे. आज आपण नेमकं उलट करतो. विटा रचून वाफा उंच करतो, तो चहूबाजूंनी तापतो, आणि पहिल्याच पाण्याला माती फरशीवर ओघळते. जागा असेल तर वाफा वाटेपेक्षा ३० ते ४० सेंटिमीटर खाली घ्या. तळाशी १० सेंटिमीटर खडी आणि पाणी बाहेर काढणारा नळ मात्र हवाच, नाहीतर पावसाळ्यात त्याचं डबकं होईल.

पाण्याच्या बाबतीतही जुनी मंडळी संयमी होती. ग्रानादाच्या अलहंब्रा राजवाड्यातल्या मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) अंगणात हौदाच्या दोन्ही टोकांना सखल तबकं आहेत. त्यांतलं पाणी छोट्या पन्हळीतून हळूच हौदात उतरतं, म्हणून पृष्ठभाग हलत नाही आणि मनोऱ्याचं प्रतिबिंब अखंड राहतं. शेजारच्या खेनेरालिफे या बागेच्या महालात एकमेकींना छेदणाऱ्या कारंज्यांच्या धारा सगळ्या पर्यटकांच्या फोटोंत असतात, पण ती नंतरच्या काळातली भर आहे. घरी कारंजं करताना धारेची उंची तबकाच्या त्रिज्येपेक्षा जास्त नको. ६० सेंटिमीटर व्यासाच्या तबकात ३० सेंटिमीटरपेक्षा उंच धार उडाली की वाऱ्यासरशी पाणी बाहेर जातं, फरशीवर शेवाळ धरतं आणि पंप कोरडा पडून जळतो.

१२३६ मध्ये कॉर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिल कास्तिल या ख्रिस्ती राज्याच्या राजाकडे गेलं. घरांचा आराखडा फारसा बदलला नाही. पुढे वळणाच्या वाटेऐवजी सरळ वाट आणि लोखंडी जाळीचं दार आलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आतली हिरवळ दिसू लागली. ज्याला आपण रोमँटिक म्हणतो ती झलक, अंधाऱ्या बोळातून दिसणारा उजेडाचा तुकडा, या जाळीच्या दारातून आली आहे.

आता भिंतीकडे वळू, कारण पातिओचं सगळं काम तीच करते. जुलैत कॉर्दोबाचं सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. रात्री थंड, जड हवा आत उतरते आणि उंच भिंतींमुळे सकाळी उशिरापर्यंत तिथेच कोंडून राहते. पण भिंतीच्या सावलीवर किती विसंबायचं याचा हिशेब करून पाहावा. २१ जूनच्या मध्यान्ही कॉर्दोबात सूर्य क्षितिजापासून सुमारे ७५ अंशांवर असतो, त्यामुळे ४ मीटर उंच भिंतीची सावली जेमतेम १ मीटर पडते. डिसेंबरात तीच सावली ७ मीटरच्या पुढे जाते. म्हणून उन्हाळ्यात वरून कापडी पडदा ओढतात. तो सकाळी ऊन आत यायच्या आधी लावायचा आणि सूर्यास्तानंतर न चुकता सरकवायचा. हे दुसरं काम लोक विसरतात, मग दिवसाची ऊब रात्रभर कापडाखाली अडकते आणि दुसऱ्या दिवशी पातिओ घरापेक्षा गरम होतो. पुण्यात तर मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, भर दुपारी सावलीच नाहीशी होते. तिथे पडद्याला पर्याय नाही. शिवाय ओल्या जमिनीतून आणि पानांतून मिळणारा गारवा हवा कोरडी असेल तरच मिळतो. कोकणात किंवा गोव्यात पाणी शिंपडून दमटपणा तेवढा वाढतो.

भिंत पांढरी असते ती चुन्याने. सेव्हिल प्रांतातल्या मोरोनमध्ये आजही पारंपरिक भट्टीत चुना भाजतात. त्या कारागिरीच्या पुनरुज्जीवनाची युनेस्कोने २०११ मध्ये दखल घेतली. पद्धत आपल्या जुन्या गवंड्यांना परकी वाटणार नाही. चुनकळी पाण्यात विझवायची, लोण्यासारखा झालेला चुना पाण्याखाली निदान ३ महिने मुरू द्यायचा. विझवताना पाणी उकळतं आणि शिंतोड्याने डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालायचे, आणि चुनकळी पाण्यात टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. मुरलेल्या १ भाग चुन्यात २ ते ३ भाग पाणी घालून दुधासारखा पातळ करून गाळून घ्यायचा. भिंत आधी भिजवायची आणि ३ ते ४ हात द्यायचे, दोन हातांत एक दिवस सोडून. ओला असताना हात पारदर्शक दिसतो, म्हणून नवखा माणूस घट्ट कालवतो. तिथेच चुकतं, कारण जाड थर तडकून पोपडे धरतो. चुना नुसता वाळत नाही, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो आणि त्याला ओल लागते. कडक उन्हात मारला तर तो आधीच सुकतो आणि बोट फिरवलं की हाताला पांढरं लागतं. सगळ्यात मोठं नुकसान चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शन चढवल्याने होतं. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाव राहत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर रंग फुग्यासारखा सुटतो.

जमीन नदीतल्या गोट्यांची. कॉर्दोबात त्याला चिनो म्हणतात, आणि ग्रानादात काळ्या-पांढऱ्या गोट्यांची वेलबुट्टी काढतात. ३ ते ६ सेंटिमीटरचे गोटे लागतात, दर चौरस मीटरला साधारण ८० ते १०० किलो. खाली १० सेंटिमीटर ठोकलेली खडी, त्यावर ३ भाग वाळू आणि १ भाग चुन्याचं ८ सेंटिमीटर कोरडं मिश्रण. गोटा कडेवर उभा करायचा आणि दोन तृतीयांश आत रुतवायचा. मग लाकडी फळी ठेवून हातोड्याने सगळे एका पातळीत आणायचे, झारीने पाणी शिंपडायचं आणि ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवायचं. देखणी बाजू वर यावी म्हणून गोटा आडवा ठेवला, तर त्याची पकड दीड-दोन सेंटिमीटरच राहते आणि खुर्ची सरकवताच तो उखडतो. ढाळ मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर, मधल्या जाळीकडे. आणि हो, गोट्यांवर खुर्ची डगमगतेच. बसण्यापुरती जागा विटांची किंवा दगडी लाद्यांची करावी.

मग फुलं. या 'जुन्या' बागेतली फुलं कुठून आली ते पाहिलं की आश्चर्य वाटतं. कॉर्दोबाच्या भिंतींवरचं ओघळतं जिरेनियम दक्षिण आफ्रिकेचं, युरोपात आलं ते १७०० च्या सुमारास. बोगनवेल ब्राझीलची, तिची नोंद झाली १७६० च्या दशकातल्या फ्रेंच सागरी मोहिमेत. आपली रातराणी तिथे 'दामा दे नोचे', म्हणजे रात्रीची बाईसाहेब, आणि ती अमेरिका खंडाकडची. अकराव्या शतकातल्या कॉर्दोबाकराने यातलं एकही झाड ओळखलं नसतं.

भिंतभर कुंड्या लावण्याचा रिवाज वाढला तो सामायिक घरांत. एकेका खोलीत एकेक कुटुंब. विहीर, स्वयंपाकाची आणि धुण्याची जागा सगळ्यांची मिळून. जमिनीवर जागा कुठून असणार? कुंड्या भिंतीवर चढल्या. १९२१ मध्ये नगरपालिकेने पातिओंची पहिली स्पर्धा ठेवली, १९३३ मध्ये ती पुन्हा झाली, स्पेनच्या यादवी युद्धात थांबली आणि १९४४ पासून परत सुरू झाली. आज ती मे महिन्याच्या पूर्वार्धात भरते आणि २०१२ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. स्पर्धा सुरू झाली त्याच सुमारास ही शैली बाहेरही निघाली. १९१५ चं सॅन डिएगोचं प्रदर्शन आणि १९२५ च्या भूकंपानंतर स्पॅनिश धाटणीने पुन्हा उभं राहिलेलं सांता बार्बरा, यांतून कॅलिफोर्नियात पातिओ पोचला. तिथल्या प्रशस्त प्लॉटवर भिंती हळूहळू गळून पडल्या, फरसबंदी तेवढी उरली. जगभर गेला तो हा बिनभिंतींचा पॅटिओ.

स्पर्धेमुळे एक दुखणंही वाढीला लागलं. एकाच जातीच्या शेकडो कुंड्या जवळजवळ लागल्या, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतलं एक छोटं तपकिरी फुलपाखरू जिरेनियमच्या रोपांबरोबर स्पेनमध्ये आलं. त्याची अळी कळीत आणि देठात शिरून आतून पोखरते. बाहेरून दिसतं फक्त एक बारीक भोक आणि काळवंडलेला देठ. तोवर वरून औषध फवारून उपयोग नसतो, देठ छाटून जाळावा लागतो. मधे मधे कार्नेशन, फर्न, जाई लावली तर सगळी भिंत एकदम बसत नाही. कुंडी १४ ते १७ सेंटिमीटर व्यासाची, तारेच्या कड्यात अडकवलेली आणि भिंतीपासून २-३ सेंटिमीटर सुटी हवी; चिकटून टांगली तर चुन्यावर मातकट ओघळ उतरतात आणि भिंत मागून कुजते.

वरच्या रांगांना पाणी घालायला कॉर्दोबात लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात. शहरातल्या पुएर्ता देल रिंकोन या ठिकाणी २०१४ मध्ये उभारलेल्या शिल्पात एक बाई हीच काठी उंचावून उभी आहे. डबा मुद्दाम लहान असतो, फुलपात्राएवढा. मोठा बांधला तर वेत वाकतो, पाणी भिंतीवर सांडतं आणि कुंडीतली माती धुऊन निघते. तीनशे कुंड्या असल्या तर काठी तीनशे वेळा वर जाते, आणि उन्हाळ्यात रोज.