केमोथेरपी आणि मज्जासंस्था : विरळ दुष्परिणामांची पार्श्वभूमी

ठाण्या-नवी मुंबईतून खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारकाच्या कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात केमोसाठी जाणाऱ्यांना मळमळ आणि केस गळणे आधीपासून ठाऊक असते. पण ‘बाबा कालपासून असंबद्ध बोलताहेत’ असे सांगण्याची वेळ आली, की रोग मेंदूत गेला अशीच घरच्यांची समजूत होते. प्रत्यक्षात तो औषधाचा दुष्परिणामही असू शकतो. पूर्वी डॉक्टरांनाही हा फरक ओळखणे सोपे नव्हते, कारण मेंदूचा एमआरआय १९८०च्या दशकापर्यंत हाताशी नव्हता.

नसांवरचा, म्हणजे मज्जातंतूंवरचा, परिणाम मात्र औषधांइतकाच जुना आहे. आपल्या गॅलरीत फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. मधुमेहावरील घरगुती औषध म्हणून तिचा अभ्यास करताना कॅनडातील संशोधक नोबल आणि बीअर यांना तिच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात असे आढळले. त्याच वनस्पतीतील व्हिनक्रिस्टीन या केमोच्या औषधाला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध पेशीविभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्मनलिका मोडते, आणि नसांमधील वाहतूकही त्याच नलिकांवर चालत असल्याने सर्वांत लांब नसा आधी कुरकुरतात : पायाच्या बोटांना मुंग्या येतात, सदऱ्याची बटणे लागत नाहीत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. हे विरळ नव्हे. विरळ आणि भयंकर आहे ते शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेलेले व्हिनक्रिस्टीन, जे बहुतेकदा प्राणघातक ठरते. अशा घटनेची नोंद १९६८ मध्येच झाली होती, तरी अशी गफलत टाळण्यासाठी ते सिरिंजऐवजी लहान सलाईन पिशवीतून द्यावे ही जागतिक आरोग्य संघटनेची सूचना यायला २००७ उजाडले. हा विलंब अक्षम्य वाटतो.

कण्यात सुई घालण्याचे कारण वेगळे आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर बहुतेक औषधे अडवतो, त्यामुळे रक्ताच्या कर्करोगातील पेशी तेथे लपून राहतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषध कण्यातील द्रवात देतात. भारतीय जीवरसायनतज्ज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने घडवलेल्या आणि अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये बालरुग्णांवर वापरलेल्या ॲमिनोप्टेरिनचे हे भावंड. क्वचित, इंजेक्शननंतर काही दिवसांनी, मुलाची एक बाजू लुळी पडते, वाचा जाते आणि बहुधा काही तासांत किंवा दिवसांत परत येते.

सार्कोमात (हाडे, स्नायू अशा ऊतींच्या कर्करोगात) वापरल्या जाणाऱ्या आयफॉस्फामाइड या औषधाने गुंगी, भ्रम, प्रसंगी झटके येतात. औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण सावरतात. १९९४ मध्ये त्यावर मेथिलीन ब्लू, म्हणजे प्रयोगशाळेतला निळा रंग, वापरल्याचे प्रसिद्ध झाले. तो अजूनही देतात, पण पुरावा तोकडाच आहे. डोकेदुखी, झटके आणि दृष्टिदोष यांच्या एका लक्षणसमूहाला १९९६ मध्ये १५ रुग्णांच्या वर्णनातून स्वतंत्र नाव मिळाले, तेही स्कॅनवर दिसलेल्या मेंदूतील सुजेमुळेच.

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून आलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारामुळे हा विषय खारघरला अधिक जवळचा झाला. कार-टी म्हणजे केमो नव्हे, तीत रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडतात; तरी तीही मेंदूला त्रास देऊ शकते. त्यामुळे रुग्णाला वर्ष, महिना, शहर, रुग्णालय विचारून उत्तरांना गुण देतात (खारघरला ‘मुंबई’ म्हणणाऱ्या बाहेरगावच्या माणसाचा गुण कापू नये), शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजायला सांगतात आणि एक वाक्य लिहून घेतात. ते कालच्या कागदाशेजारी ठेवून पाहिले, की बिघडलेले अक्षर स्कॅनच्या आधीच दिसते.