बुद्ध्यंकाची वाटचाल : पॅरिसपासून धारवाड-नागपूरपर्यंत

पेटलेली काडी मुलाच्या डोळ्यांसमोरून हळूहळू सरकवायची आणि त्याची नजर तिच्यामागे जाते का ते पाहायचे. १९०५ साली मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी तेओदोर सिमाँ यांनी फ्रान्समध्ये प्रसिद्ध केलेल्या तीस कसोट्यांच्या श्रेणीतली ही पहिली कसोटी. पुढे चित्रातल्या वस्तूंची नावे सांगणे, तीन अंक ऐकून पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड कोणते ते ओळखणे असे टप्पे घेत शेवटच्या कसोटीत कंटाळा आणि दुःख यांसारख्या अमूर्त शब्दांतला फरक विचारला जाई. आज समुपदेशकाच्या अहवालात ‘बुद्ध्यंक’ म्हणून जो आकडा लिहिलेला असतो, त्याचे मूळ या तीस कसोट्यांत आहे.

बिनेच्या आधी बुद्धी मोजण्याचे प्रयत्न झाले होते, पण त्यांचा सगळा भर ज्ञानेंद्रियांवर होता. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात प्रयोगशाळा थाटली आणि तीन पेनी घेऊन नऊ हजारांवर लोकांची दृष्टी, श्रवणशक्ती, पकडीची ताकद, प्रतिक्रियेचा वेग अशी मोजमापे नोंदवली. ज्याची इंद्रिये तल्लख त्याची बुद्धीही तल्लख, असे त्याचे गृहीतक होते. १९०१ साली क्लार्क विस्लरने कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या अशाच मोजमापांची त्यांच्या परीक्षेतल्या गुणांशी तुलना केली, तेव्हा दोन्हींचा फारसा संबंध आढळला नाही आणि ही वाट जवळपास बंद झाली.

बिनेने स्वतःही मुलांच्या डोक्यांची मापे घेऊन पाहिली होती. हुशार आणि मागे पडणाऱ्या मुलांतला फरक इतका नगण्य निघाला की त्याने तो नाद सोडला. त्याचे खरे शिक्षण घरातच झाले, असे मला वाटते. मादलेन आणि आलिस या आपल्या दोन मुलींचे त्याने बारकाईने निरीक्षण केले होते. लहानग्या मुलीसमोर लहान-मोठ्या सोंगट्यांचे दोन गट ठेवून ‘जास्त कुठे आहेत?’ असे विचारले, की संख्या बाजूला ठेवून ती सोंगट्यांनी व्यापलेल्या जागेवरून उत्तर देई. ते उत्तर चुकीचे असले तरी त्यामागे विचार होता, आणि वय वाढते तसा तो विचार बदलत जातो हे बिनेला घरबसल्या दिसत होते.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने नेमलेल्या आयोगावर तो होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे सर्व थरांतली मुले वर्गात येऊ लागली होती, आणि नेहमीच्या शिकवण्याचा ज्यांना लाभ होत नाही अशी मुले कोणती, हे ठरवण्याचे साधन हवे होते. केवळ शिक्षकाच्या मतावर हे सोडले, तर त्रास देणारे मूलही ‘मंद’ ठरवून वर्गाबाहेर काढले जाईल, ही भीती बिनेने बोलून दाखवली होती. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत त्याने कसोट्या वयानुसार लावल्या. त्या वयाची बहुतेक मुले जे करू शकतात, ते त्या वर्षाचे मानले. त्यातून मुलाची मानसिक पातळी, म्हणजे ते कोणत्या वयाच्या मुलांइतके करू शकते, हे कळे. तरीही लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, हे त्याने स्पष्टपणे लिहिले. १९०९ साली, बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी असते या मताचा त्याने निषेध केला आणि मागे पडणाऱ्या मुलांचे लक्ष, स्मरण व निर्णयशक्ती वाढवणारे व्यायाम सुचवले. १९११ साली तो वारला.

त्यानंतर साधन राहिले आणि हेतू बदलला. १९१२ साली जर्मनीच्या विल्यम स्टर्नने या पातळीच्या वयाला, म्हणजे मानसिक वयाला, प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने त्या भागाकाराला १०० ने गुणले, आणि बुद्ध्यंक रूढ झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांवर सैनिकांची सामूहिक चाचणी घेतली. त्यातल्या काही प्रश्नांना अमेरिकेत वाढलेल्या माणसालाच उत्तर देता यावे. तरीही नव्याने आलेल्या स्थलांतरितांचे कमी गुण हा त्यांच्या वंशाचा दोष मानण्यात आला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्बल मनाच्या’ ठरवलेल्या स्त्रीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, तेव्हा तिच्याविरुद्धच्या पुराव्यांत बिनेच्या चाचणीचे निकालही होते. मदतीसाठी बनवलेल्या साधनाचा इतका उलटा वापर विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

वयाबरोबर मुलाचा विचार कसा बदलतो, हा बिनेचा मूळ प्रश्न पुन्हा उचलला तो स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने. १९२० च्या सुमारास तो पॅरिसमध्ये सिमाँसाठी तर्कविषयक चाचण्यांच्या प्रमाणीकरणाचे, म्हणजे कोणत्या वयाला किती उत्तरे येतात ते ठरवण्याचे, काम करत होता. बरोबर उत्तरे मोजणे एवढेच त्याचे काम होते, पण एकाच वयाची मुले एकाच प्रकारे चुकतात हे त्याच्या लक्षात आले. बुटक्या पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, निमुळत्या पेल्यात ओतले, की चार-पाच वर्षांचे मूल ‘आता पाणी जास्त झाले’ असे सांगते. सात-आठ वर्षांचे मूल ‘तेच तर पाणी आहे’ म्हणून आपल्याकडेच आश्चर्याने पाहते. रशियात मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्कीने याला आणखी एक बाजू जोडली : मूल एकटे काय करते यापेक्षा थोड्या मदतीने कुठवर जाते, यातून त्याची वाढ अधिक कळते.

भारतात लाहोरच्या सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात बिनेच्या चाचणीचे हिंदुस्तानी रूप तयार केले. मराठी वाचकाला जवळचे काम व्ही. व्ही. कामत यांचे. त्यांनी धारवाड परिसरात मराठी आणि कन्नड मुलांसाठी या चाचणीचे रूपांतर केले आणि १९४० साली ते ग्रंथरूपाने मांडले. असे काम निव्वळ भाषांतराने होत नाही. शब्द, नाणी, चित्रे तर बदलावी लागतातच, पण एखादा प्रश्न सातव्या वर्षाचा की आठव्या, हे इथल्या मुलांना तो विचारूनच नव्याने ठरवावे लागते. १९५५ साली सी. एम. भाटिया यांची ठोकळे आणि आकृत्यांवर आधारलेली चाचणी आली, जी अक्षरओळख नसलेल्यांनाही देता येते. पुढे नागपूरच्या ए. जे. मलिन यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांची मुलांसाठीची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. वेक्सलर यांनी वयांचा भागाकार सोडून दिला होता. समवयस्कांची सरासरी १०० धरून मूल तिच्यापासून किती दूर आहे, एवढेच त्यांची पद्धत सांगते.

समवयस्कांशी तुलना म्हटली, की ते समवयस्क कोणत्या काळातले हा प्रश्न येतो. संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवले, की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात सरासरी गुण जवळपास १४ अंकांनी वाढले; पुढे इतर अनेक देशांतही हीच वाढ आढळली. म्हणून मानके, म्हणजे तुलनेसाठी धरलेली समवयस्कांची सरासरी, जुनी असली, की आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून येतो. कामतांची चाचणी आपल्याकडे अक्षमतेच्या प्रमाणपत्रांसाठी अजूनही वापरली जाते, आणि बौद्धिक अक्षमतेची सीमा साधारण ७० धरली जाते. वर्गात काहीच न समजणाऱ्या एखाद्या मुलाचा आकडा अशा जुन्या मानकांवर ७४ येतो, आणि ज्या सवलतीसाठी व विशेष शिक्षणासाठी आईवडील त्याला घेऊन आलेले असतात, ते त्याला नाकारले जाते.