नूडल्सना पिवळेपणा येतो कुठून?

इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटाचा फोटो, त्यावरील ‘५०१’ आणि ‘५००’ या आकड्यांभोवती लाल वर्तुळ, आणि खाली ‘पाहा, ही रसायने आपण मुलांना खाऊ घालतो’ असा इशारा, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. वर्तुळातली ती रसायने म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि सोडियम कार्बोनेट. ज्या घरात उडदाचे पापड लाटले जातात, त्या घरात यांपैकी दुसरे पापडखाराच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या पोटात जात आले आहे. आकड्यांना भिणारी मंडळी तोच पापड चवीने खातात, हे विशेष.

घरी जपानी किंवा चिनी पद्धतीचा स्वयंपाक करायचा ठरला की सोया सॉस, तांदळाचे व्हिनेगर आणि तिळाचे तेल यांची खरेदी आधी होते. वर सांगितलेल्या कार्बोनेटांसारखा खार त्या यादीत सहसा नसतोच. मैदा, मीठ आणि पाणी एवढ्यावर उदोन नावाच्या जाड, पांढऱ्या, मऊ नूडल्स होतात. रामेन या जपानी रस्सेदार पदार्थाच्या नूडल्स मात्र पिवळसर, दाताला प्रतिकार करणाऱ्या आणि गरम रश्श्यात काही काळ तग धरणाऱ्या असतात, आणि हा फरक मुख्यतः खाराचा आहे. वायव्य चीनमधील लानझोऊ येथे हाताने ओढलेल्या नूडल्सच्या कणकेत खाऱ्या, रुक्ष जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेचे पाणी घालण्याची प्रथा होती. आपल्याकडचा साजीखारही अशाच झुडपांच्या राखेतून मिळवला जाई. जपानमध्ये या खाराला कान्सुई म्हणतात. त्याचे प्रमाण पिठाच्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के असते आणि तेवढ्याने कणकेचा सामू (pH, म्हणजे आम्लता-आम्लारीपणाचे माप; ७ म्हणजे उदासीन) ९ च्या वर जातो.

प्रथम रंगाविषयी. गव्हात फ्लेव्होनॉइड गटातील संयुगे असतात. उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी कणकेत ती जवळजवळ रंगहीन राहतात. खारासारखी आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) मिळताच त्यांच्या रेणूंतील हायड्रोजन निघून जातो, रेणू निराळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषू लागतो आणि डोळ्याला पिवळा दिसतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्यामागचे रसायनशास्त्र याच जातीचे आहे. स्वस्त नूडल्समध्ये कृत्रिम रंग कधी घातला जातच नाही असे नव्हे, परंतु केवळ पिवळेपणा हा त्याचा पुरावा ठरत नाही.

खरी गंमत आहे ती ग्लूटेनमध्ये. पिठात पाणी मिसळून मळू लागले की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लूटेनचे जाळे तयार करतात. ग्लुटेनिनच्या साखळीत मधूनमधून सिस्टीन हे अमिनो आम्ल असते आणि त्याच्या टोकाला गंधक व हायड्रोजनची जोडी असते. दोन सिस्टीनमधील गंधकाचे अणू परस्परांशी जोडले गेले की डायसल्फाइड बंध होतो, आणि जाळ्याची मजबुती बव्हंशी या बंधांवर अवलंबून असते. मोकळ्या सिस्टीनमधील ही जोडी सामू ८.३ च्या आसपास निम्म्या रेणूंमध्ये तुटलेली असते. सामूची मोजपट्टी लॉगरिदमची, म्हणजे दर अंकाला दहापट बदलणारी, असल्यामुळे साध्या कणकेत, म्हणजे सामू ६ ला, दोनशे रेणूंमागे जेमतेम एकाचा हायड्रोजन सुटलेला असतो, तर सामू ९.३ ला दहापैकी नवांचा. प्रथिनात गुंफलेल्या सिस्टीनसाठी हे आकडे शेजारच्या अमिनो आम्लांनुसार मागेपुढे होतात, पण दिशा तीच राहते. हायड्रोजन गमावलेला, ऋणभारित गंधक अतिशय क्रियाशील असतो; तो जवळच्या डायसल्फाइड बंधावर हल्ला करतो, बंध तोडतो आणि त्यातील एका गंधकाशी स्वतः जोडला जातो. मोकळा झालेला दुसरा गंधक पुढच्या बंधाकडे वळतो. अशी अदलाबदल चालू राहिली, आणि हवेतील ऑक्सिजनमुळे काही नवे बंधही जुळले, की प्रथिनांचे अधिक मोठे आणि घट्ट जाळे बनते. उकळताना उष्णतेने ही क्रिया आणखी वेग घेते. याची किंमतही मोजावी लागते: आम्लारी माध्यमात थायमिन हे जीवनसत्त्व टिकत नाही.

घरी हा खार करणे अवघड नाही. खाण्याचा सोडा पसरट ताटलीत १२० ते १५० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये तासभर तापवला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि सोडियम कार्बोनेट उरते. क्रिया पूर्ण झाली की नाही हे वजनावरून कळते, कारण १०० ग्रॅम सोड्याचे सुमारे ६३ ग्रॅम उरायला हवेत. ही पूड मूळ सोड्यापेक्षा बरीच तीव्र असल्याने ओल्या हातांनी किंवा डोळ्यांजवळ हाताळू नये, आणि अॅल्युमिनियमवर ती परिणाम करते म्हणून भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. बाजारातला धुण्याचा सोडा रासायनिकदृष्ट्या याचाच भाऊबंद असला तरी तो खाद्य दर्जाचा नसतो. तो वापरू नये.

दोनशे ग्रॅम मैद्याला दोन ग्रॅम पूड आणि दोन ग्रॅम मीठ ऐंशी मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावे आणि ते पाणी थोडे थोडे घालावे. सुरुवातीला पिठाचा नुसता रवाळ चुरा होईल. पाणी कमी पडले असे वाटेल, पण वाढवू नये. चुरा मुठीत दाबून गोळा करावा आणि झाकून अर्धा तास ठेवावा. तेवढ्या वेळात पाणी आतपर्यंत मुरते, रंग पिवळसर होत जातो आणि गोळा लाटण्याजोगा होतो. मात्र लाटताना तो पोळीच्या कणकेपेक्षा बराच हट्टी वाटतो आणि सारखा मागे आखडतो. मैद्याऐवजी चक्कीची कणीक घेतली तर कोंड्यातील संयुगांमुळे रंग पिवळा न होता तपकिरीकडे झुकतो, आणि कोंड्याचे कण जाळ्यात मध्ये येत असल्याने नूडल्स लवकर तुटतात.