डिस्कची इमेज आणि ‘आयएसओ’चा घोळ

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून ठाण्यात कपाटांच्या तळातल्या जुन्या सीडी आता दुकानात नेऊन ‘आयएसओ करून द्या’ म्हणून दिल्या जातात. अख्ख्या सीडीची एका फाइलमध्ये घेतलेली नक्कल म्हणजे इमेज, आणि तिलाच लोक आयएसओ म्हणतात. घोळ याच शब्दात आहे.

आयएसओ हे मुळात फाइलच्या प्रकाराचं नाव नव्हतं, ते मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं. सीडीवर फाइली कशा मांडाव्यात याचा मसुदा १९८६ मध्ये काही कंपन्यांनी मिळून केला. थोड्या बदलांनंतर १९८८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, आयएसओ ९६६०. मानकाचं नाव पुढे इमेज फाइललाच चिकटलं. डीव्हीडीसाठी यूडीएफ ही वेगळी मांडणी आली, तरी फाइलच्या नावामागचं शेपूट आयएसओच राहिलं.

खरी गोम सेक्टरमध्ये आहे. सेक्टर म्हणजे सीडीवरच्या माहितीचा एक ठरावीक तुकडा, २३५२ बाइटांचा. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट आपल्या मजकुराचे, उरलेले सेक्टरची ओळख पटवायला आणि चुका सुधारायला. आयएसओ तेवढे २०४८च घेते. गाण्याच्या ट्रॅकमध्ये मात्र २३५२ बाइट सगळेच आवाजाचे असतात, त्यामुळे आयएसओत त्यांना जागाच नाही. बिन ही इमेजचीच दुसऱ्या प्रकारची फाइल. ती ते जसेच्या तसे ठेवू शकते आणि सोबतची क्यू फाइल कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगते.

नौपाड्यातल्या एका गायनवर्गाच्या सीडीत पहिला ट्रॅक बंदिशींच्या पुस्तिकेचा होता, पुढचे आठ गाण्याचे. एका दुकानात बिनची आयएसओ करून बिन पुसून टाकली. आयएसओ माउंट केल्यावर, म्हणजे ड्राइव्हमध्ये सीडी घातल्यासारखी उघडल्यावर, पुस्तिका तेवढी दिसली. क्यू फाइल उरली होती. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर आठही ट्रॅकच्या सुरुवातीच्या वेळा तिथे नीट लिहिलेल्या. आवाज कुठेच नाही, आणि मूळ सीडीचा वरचा थर तोवर सोलला होता.

आयएसओचा आग्रह वाढला तो विंडोजमुळे. विंडोज ७ मध्ये आयएसओ सीडीवर बर्न करता यायची, पण माउंट करायला डेमन टूल्ससारखा वेगळा प्रोग्रॅम लागायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि डबल क्लिकवर आयएसओ ड्राइव्हसारखी उघडू लागली. बिन-क्यूला ती सोय मिळाली नाही. तीही द्यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. लोकांनी सरसकट रूपांतर सुरू केलं ते त्यानंतर.

गाणी असलेल्या सीडीची बिन आणि क्यू एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. क्यूच्या आत बिनचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून बिनचं नाव बदललं तर तिथेही बदलावं लागतं.