टेक्नेशियम-९९एम जनरेटर

टेक्नेशियम-९९एम जनरेटर म्हणजे शिशाच्या जाड कवचात बसवलेली अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी) भरलेली छोटीशी काचेची नळी. हॉस्पिटलच्या न्यूक्लियर मेडिसिन डिपार्टमेंटमध्ये ती असते. नळीत किरणोत्सर्गी मॉलिब्डेनम-९९ अडकवून ठेवलेलं असतं, त्याचं विघटन होऊन सतत टेक्नेशियम-९९एम होत राहतं आणि हवं तेव्हा वरून सलाइन सोडून ते धुवून काढता येतं. बोन स्कॅन, किडनी स्कॅन, थायरॉइड स्कॅन यातलं बरंचसं काम याच आयसोटोपवर चालतं. हार्टच्या ज्या टेस्टला लोक अजून 'स्ट्रेस थॅलियम' म्हणतात तिच्यातही आता बहुतेक ठिकाणी थॅलियम नसून टेक्नेशियमच असतं.

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिये या शास्त्रज्ञांना सापडलं, तेही अमेरिकेतल्या बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. जनरेटर १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या ब्रुकहेवन लॅबमध्ये तयार झाला. टेक्नेशियम-९९एमचा गॅमा किरण १४० केईव्हीचा (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं माप), म्हणजे स्कॅनच्या गॅमा कॅमेऱ्याला अगदी सोयीचा, आणि अर्धायुष्य ६ तासांचं, त्यामुळे पेशंटला डोस कमी बसतो. पण ६ तासांत निम्मी होणारी वस्तू साठवणार कशी आणि दुसऱ्या गावी पाठवणार कशी? म्हणून पाठवायचं ते ६६ तास अर्धायुष्याचं मॉलिब्डेनम, टेक्नेशियम जागेवरच काढायचं.

जगात बहुतेक मॉलिब्डेनम-९९ युरेनियम-२३५ च्या विखंडनातून मिळतं. युरेनियम-अॅल्युमिनियमच्या पातळ प्लेटा रिअॅक्टरमध्ये साधारण आठवडाभर ठेवतात, पण १०० विखंडनांमागे मॉलिब्डेनम-९९ चे अणू जेमतेम ६, बाकी आयोडिन, झेनॉन, स्ट्रॉन्शियम, रुथेनियम असा सगळा नको असलेला पसारा. खरी कसरत इथून पुढे. जाड भिंतींच्या हॉट सेलमध्ये, शिशाच्या काचेतून बघत, मॅनिप्युलेटरच्या हातांनी प्लेटा कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. युरेनियम आणि बरेचसे धातू गाळ होऊन खाली बसतात, मॉलिब्डेनम मॉलिब्डेटच्या रूपात द्रावणात राहतं, झेनॉनसारखे वायू अडवून ठेवावे लागतात, आयोडिन वेगळं काढावं लागतं आणि मग द्रावण एकामागून एक कॉलममधून नेऊन स्वच्छ करतात. स्ट्रॉन्शियम-९० ची मर्यादा फारच कडक असते कारण ते हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. हे सगळं करताना माल तासाला साधारण १ टक्क्याने घटतच असतो, म्हणून धंद्यात 'सिक्स-डे क्युरी'त (क्युरी हे किरणोत्सर्गाचं माप) हिशोब करतात, म्हणजे प्रोसेसिंग संपल्यावर ६ दिवसांनी जेवढं उरेल तेवढंच मोजायचं. तेव्हा उरतं साधारण २२ टक्के, म्हणजे १ क्युरी द्यायची तर साडेचार बनवायच्या.

हॉस्पिटलमध्ये रोज सकाळी जनरेटरचं 'मिल्किंग' होतं. एका बाजूला सलाइनची बाटली, दुसऱ्या बाजूला निर्वात व्हायल (छोटी बाटली) लावली की सलाइन आपोआप ओढलं जातं. मॉलिब्डेट अॅल्युमिनाला घट्ट धरून राहतं, परटेक्नेटेट, म्हणजे टेक्नेशियमचं विरघळणारं रूप, मात्र सुटून व्हायलमध्ये उतरतं. पुन्हा पूर्ण भरायला जवळपास एक दिवस लागतो, त्यामुळे रोजचा एक हप्ता ठरलेला.

मग तपासणी, आणि ही कंटाळा करून चालत नाही. व्हायल आधी तशीच डोस कॅलिब्रेटरमध्ये (किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्रात) मोजतात, मग शिशाच्या डबीत घालून पुन्हा. टेक्नेशियमचा १४० केईव्हीचा गॅमा डबीतच अडतो पण मॉलिब्डेनमचा ७४० केईव्हीचा बाहेर येतो, म्हणजे दुसऱ्या वेळी दिसतं ते गळून आलेलं मॉलिब्डेनम. अमेरिकन मर्यादा १ मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम, तीही इंजेक्शन देतानाची, आणि टेक्नेशियम लवकर संपतं पण मॉलिब्डेनम तसंच राहतं, त्यामुळे सकाळी पास झालेली व्हायल संध्याकाळी नापास होऊ शकते. कॉलममधलं अॅल्युमिनियम किती उतरलंय ते कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून रंगावरून बघतात.

सोमवारची पहिली व्हायल जरा सांभाळून वापरावी. सुट्टीत जनरेटर पडून राहिला की टेक्नेशियम-९९एमचं विघटन होऊन टेक्नेशियम-९९ साठतं, रसायन तेच पण स्कॅनला निरुपयोगी. टेक्नेशियम औषधाला जोडायच्या किटमधला स्टॅनस क्लोराइड त्याच्यावरच खर्च होतो, लेबलिंग म्हणजे ही जोडणी अर्धवट राहते आणि मग सुट्या टेक्नेशियममुळे बोन स्कॅनमध्ये थायरॉइड आणि पोट उजळलेलं दिसतं.

भारतात वेगळी वाट बरीच वर्षं चालली. ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअॅक्टरमध्ये (१९८५ पासून) साध्या मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडवर न्यूट्रॉनचा मारा करून मॉलिब्डेनम-९९ करतात. यात विखंडनाचा कचरा नाही ही मोठी सोय, पण बहुतेक मॉलिब्डेनम निष्क्रियच राहतं, ते अडकवायला कॉलम अवाढव्य लागेल. म्हणून ते कॉस्टिकमध्ये विरघळवून मिथिल इथिल कीटोनबरोबर ढवळायचं, टेक्नेशियम कीटोनच्या थरात जातं, मग कीटोन उडवून टाकून उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. स्वस्त पद्धत आहे, फक्त कीटोन पेट घेणारं आणि काम जास्त हाताचं. वाशीच्या ब्रिटने (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) पुढे कोलटेक नावाचा कॉलम जनरेटरही काढला.

या साखळीचा कच्चा दुवा म्हणजे जुने रिअॅक्टर. कॅनडातला चॉक रिव्हरचा एनआरयू १९५७ पासूनचा, तो मे २००९ मध्ये हेवी वॉटरच्या गळतीमुळे बंद पडला तो ऑगस्ट २०१० पर्यंत, त्यातच नेदरलँड्समधला पेटनचाही २०१० मध्ये काही महिने दुरुस्तीला गेला आणि जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागले. एनआरयू २०१८ मध्ये कायमचा बंद झाला. आता पेटन, बेल्जियमचा बीआर-२, दक्षिण आफ्रिकेचा सफारी-१, ऑस्ट्रेलियाचा ओपल असे मोजके रिअॅक्टर वेळापत्रक जुळवून पुरवठा करतात.

एक जनरेटर साधारण आठवडा-दोन आठवडे कामाचा असतो. नंतर तो लगेच फेकत नाहीत, शिल्डिंग असलेल्या खोलीत अॅक्टिव्हिटी उतरेपर्यंत ठेवतात, मग नियमाप्रमाणे परत पाठवतात किंवा विल्हेवाट लावतात.