जुनं सोनं आटवायला आणण्याआधी

दागिन्यावरचा 916 चा ठसा म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. यालाच आपण 22 कॅरट म्हणतो. 750 म्हणजे 18 कॅरट, 585 म्हणजे 14. चांदीवर 925, प्लॅटिनमवर बहुधा 950. हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पुढे.

एकाच पुडीत बांगडी, तुटकी साखळी, एकटं कानातलं, आणि वर "सगळं मिळून वीस ग्रॅम, 916 चंच आहे, एकत्रच आटवा." समजा, 10 ग्रॅमची बांगडी खरोखर 916 ची आहे, पण 10 ग्रॅमची साखळी निघाली 750 ची. दोन्ही एका मुशीत गेली, की वीस ग्रॅमच्या लगडीत शुद्ध सोनं 16.66 ग्रॅम, म्हणजे कस 833. ती लगड धड 22 ची नाही, धड 18 ची नाही. तिला परत 916 वर आणायचं तर त्यात जवळजवळ पावणेवीस ग्रॅम 24 कॅरट सोनं घालावं लागतं! एकदा मिसळलेलं वेगळं करायला शुद्धीकरणच करावं लागतं. त्यात तुमचेही दिवस जातात, आमचेही.

म्हणून प्रत्येक नग वेगळ्या पुडीत आणा. घरच्या काट्यावरचं वजन धरून चालू नका, त्यात खडे येतात, पोकळ दागिन्यातली लाख येते. कडीतली स्प्रिंग तर बहुधा पोलादाची असते.

"ठशावर विश्वास नाही का?" असं काही जण रागावून विचारतात. ठशावर आहे हो, पण ठशानंतर साखळी कितीदा डाखली गेली, ते ठसा सांगत नाही. डाख, म्हणजे तुटलेलं सांधायचा धातू, दागिन्याआधी वितळावा लागतो, म्हणून पुष्कळदा तो कमी कसाचा असतो. कस मोजणारं मशीनही वरवरचा थरच वाचतं, मुलामा असला तर फसतं. म्हणून आम्ही तुमच्यासमोर कानस मारून आतलं सोनं कसोटीवर घासतो. ओरखडा बारीकच असतो, आणि नग आटणारच असतो.

नवीन घडवताना खड्यांच्या अंगठीसाठी 22 चा हट्ट नको. ते सोनं मऊ, खडा धरणारे दाते वाकतात. 18 कॅरटमध्ये घ्या. ढिले खडे बसवून देण्यापेक्षा आम्हाला तेच परवडतं.

आटवण्याआधी प्रत्येक नगाचं वजन आणि कस कागदावर लिहून देतो. त्यावर तुमची सही झाल्याशिवाय मूस भट्टीत जात नाही.